वाचकांचे प्रश्न : वेपच्या (ई-सिगारेटच्या) दुकानात पहिल्यांदा जाताना

प्रश्न : वय 64. चाळीस वर्षं सिगारेट, रोज बारा-पंधरा. सप्टेंबरात तीन महिने मुलाकडे लेस्टरला जायचंय. तो म्हणतो, ‘बाबा, इथे आल्यावर वेपवर या.’ घराजवळच्या दुकानाचा फोटोही पाठवलाय : जांभळे दिवे, भिंतभर रंगीत बाटल्या, काउंटरवर विशीतला पोरगा. तिथे मला कोण विचारणार? आणि मी तरी काय विचारू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : विचारतील. जांभळ्या दिव्यांना बिचकू नका. सिगारेट सोडायला आलेलं साठीचं गिऱ्हाईक तिथे नवं नाही. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवाच सिगारेट ओढणाऱ्यांना वेपचा पर्याय सुचवते. ‘निर्धोक’ म्हणत नाही, सिगारेटपेक्षा कमी घातक म्हणते, आणि न ओढणाऱ्यांनी सुरूच करू नये असंही बजावते. फक्त दुकान बघून निवडा. मोबाइलची कव्हरं, चॉकलेटं आणि वेप एकाच काउंटरवर विकणाऱ्याला तुम्हाला समजावत बसायला वेळ नसतो. निव्वळ वेपचंच दुकान शोधा आणि शनिवारची दुपार टाळा. मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास माणूस निवांत सापडतो.

त्याच्या पहिल्या प्रश्नावरून दुकान ओळखता येतं. ‘रोज किती? उठल्यावर पहिली किती वेळानं?’ असं विचारलं तर बसा. गाडी थेट ‘फ्लेवर कुठला देऊ?’वर आली, तर दुसरं दुकान बघा. तुम्ही एवढंच सांगा : सिगारेट सोडायचीय, पहिलीच वेळ आहे, सगळ्यात साधं दाखवा, ‘माउथ-टू-लंग’. म्हणजे सिगारेटसारखं आधी तोंडात, मग छातीत. त्यासाठी कॉइल, म्हणजे आतलं निकोटीनचं लिक्विड तापवणारी तार, 1 ओहमच्या आसपास लागते. 0.2 किंवा 0.3 ओहमची यंत्रं खोलीभर ढग सोडणाऱ्या हौशी मंडळींची. ती यंत्रं लिक्विड पाण्यासारखं पितात.

लिक्विडची बाटली तिथल्या कायद्यानं जास्तीत जास्त 10 मिलिची, निकोटीन जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम प्रति मिलि, टाकी 2 मिलिची. ‘कमी तेवढं बरं’ म्हणून 3 मिलिग्रॅम उचलणं ही नवख्यांची ठरलेली चूक. तलफ भागत नाही, माणूस दिवसभर यंत्र चोखत राहतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाकीट घेतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल, तर 20 मिलिग्रॅमची निक-सॉल्ट (निकोटीनच्या क्षाराचं लिक्विड) सहसा जमते. ती घशाला कमी टोचते. चक्कर, मळमळ, उचकी आली की थांबा, पुढची बाटली 10 मिलिग्रॅमची घ्या. आणि सिगारेट पूर्ण बंद. अधूनमधून दोन ओढत राहिलात तर फायदा जवळजवळ नाहीच.

पहिली भरणी दुकानातच, त्याच्यासमोर स्वतःच्या हातानं करा. बाटलीचं झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये असं असतं : दाबून फिरवायचं. बोटं आखडलेल्यांना नेमकं तेच जमत नाही. भरल्यावर दहा मिनिटं थांबा, कॉइलमधला कापूस भिजू द्या. कोरडा कापूस पहिल्याच झुरक्याला जळतो, मग ती करपट चव जात नाही, कॉइल फेकावी लागते. एरवी ती आठवडा-दोन आठवडे टिकते, गोड लिक्विडानं लवकर काळी पडते. झुरका सावकाश, तीन-चार सेकंदांचा. सिगारेटसारखं जोरात ओढलं की गुडगुड होऊन लिक्विड जिभेवर येतं. पुष्कळ जण ‘यंत्र गळतंय’ म्हणून परत नेतात ते यामुळे. लेबलावरचे आकडे मुंगीएवढे असतात, चष्मा बरोबर न्या.

वापरून फेकायच्या वेपवर ब्रिटनमध्ये 1 जून 2025पासून बंदी आहे. कुणी पुढे केलाच, तर ते दुकानच सोडा.

प्रश्न : सासऱ्यांनी परदेशात वेप घेतलाय. येताना इंदूरला आणला तर चालेल ना, स्वतःपुरताच?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नाही. 2019च्या कायद्यानं भारतात ई-सिगारेटची आयात, विक्री, वाहतूक, साठा सगळंच बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘एकच तर आहे’ म्हणून बॅगेत टाकू नका. सासरे ब्रिटनमध्ये असतील तर जुनं यंत्र वेप विकणारं दुकानच परत घेतं. आत बॅटरी असते, घरच्या कचऱ्यात टाकू नये. निघण्याच्या दोन आठवडे आधी त्यांना त्वचेवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीवर किंवा चघळायच्या गोळीवर आणा, म्हणजे विमानातून उतरल्यावर पहिली पावलं पानठेल्याकडे वळणार नाहीत.

इथे चोरून मिळणाऱ्या वेपबद्दलही लगेच सांगतो. त्यावर ‘5 टक्के’ छापलेलं असेल तर ते 50 मिलिग्रॅम प्रति मिलि झालं, ब्रिटनच्या मर्यादेच्या अडीचपट. आणि छापलंय तेच आत आहे याची हमी कोण देणार?

प्रश्न : मग इंदूरलाच सोडायची तर काय? वडील सत्तरीचे, कवळी आहे, दम्यासाठी थिओफिलिन घेतात. मेडिकलवाल्यानं घाईत निकोटीन गमचं पाकीट हातात ठेवलं.
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : गम कवळीला चिकटतं, कधी कवळीच सैल करतं. त्यांना चघळायची गोळी किंवा पट्टी बरी. 2 मिलिग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय मिळतं, 4च्या मात्रेला चिठ्ठी लागते. दवाबाजारात गेलात तरी नियम तोच.

गोळी चावायची नाही, गिळायची नाही. चव तिखट झाली की गालाशी ठेवायची, चव ओसरली की बाजू बदलायची. वीस-तीस मिनिटं पुरते. निकोटीन तोंडाच्या अस्तरातून शोषलं जातं आणि आंबट पदार्थांनी ते शोषण कमी होतं. म्हणून आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू पिळलेले पोहे बंद. गिळली गेली तर उचक्या आणि छातीत जळजळ. मग ‘औषध सोसत नाही’ म्हणून सोडून देतात.

थिओफिलिनचं मात्र आधी बघा. सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत हे औषध भराभर संपवतं, म्हणून ओढणाऱ्याला मात्रा जास्त लागते. धूर थांबला की तीच मात्रा भारी पडू लागते : धडधड, हात थरथरणं, मळमळ. हे काम धुराचं, निकोटीनचं नाही. त्यामुळे पट्टी लावली तरी हा बदल होणारच. सिगारेट सोडायची तारीख डॉक्टरांना आधी सांगा, मात्रा त्यांनाच ठरवू द्या. बाकी रोजच्या अडचणींसाठी सरकारची 1800-11-2356 ही मदतवाहिनी मोफत आहे.