शिक्षण-आरोग्यावर पैसा घातल्याने देश खरंच श्रीमंत होतो का, की हे नुसतं बोलायला बरं?

होतो, पण फळ यायला पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणूनच पाच वर्षांनी मतं मागणाऱ्यांना उड्डाणपूल जास्त आवडतो.

आमच्या नाशकातलंच बघा. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर (म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातू कापणाऱ्या यंत्रावर) उभ्या असलेल्या पोराला ड्रॉइंग वाचता यावं लागतं, मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटरचा फरक पकडावा लागतो. तो चुकला तर अख्खा लॉट रिजेक्ट. ही अक्कल मशीनसोबत विकत मिळत नाही, ती शाळेतल्या गणितापासून आयटीआयपर्यंत घडते. नाशिकजवळच्या ओझरला मिग लढाऊ विमानं बांधता आली तीही अशाच हातांमुळे.

आता याच पोराला डेंग्यू झाला असं धरा. पंधरा दिवस खाडे, खासगी दवाखान्याचं बिल, बायकोचे दागिने गहाण, आणि धाकट्या बहिणीची कॉलेजची फी राहते ती राहतेच. म्हणजे आजार एकाचा, शिक्षण दुसरीचं बुडालं. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१४-१५ मध्ये ६२.६ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ वर आला. सुधारणा आहे, पण ओझं अजून जडच.

कोठारी आयोगाने १९६६ मध्येच शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सुचवला होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने सरकारी खर्चासाठी जीडीपीच्या २.५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं, मुदत २०२५. दोन्ही गाठता आलेले नाहीत. अर्थात नुसता निधी वाढवून भागणार नाही: इमारत बांधली आणि शिक्षकाची, डॉक्टरची जागा रिकामीच ठेवली, तर पैसे फक्त ठेकेदाराला पावतात.