दरीतले आडवाटेवरचे धबधबे शोधायचे कसे?

प्रश्न: डोंगरदरीत फिरायला जातोय, फेमस धबधब्यांवर खूप गर्दी असते. तास-दोन तासात होणाऱ्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या वाटा कशा सापडतील?

उत्तर: आधी टोपो नकाशा (जमिनीचे चढ-उतार दाखवणारा नकाशा) बघा, ओपनटोपोमॅप या वेबसाइटवर फुकट दिसतो, त्यात ओढ्याची निळी रेघ जिथे एकदम दाटीने आलेल्या कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) ओलांडते ना, तिथे उभा कडा असतो आणि पाणी असेल तर बहुतेक धबधबाही. मला तर हे शोधणंच चालण्याइतकं आवडतं! पण जवळच्या वस्तीत विचाराच, नकाशावरची पायवाट झाडीत कधीच बुजून गेलेली असू शकते. वेळेसाठी १८९२ चा नेस्मिथचा नियम वापरा, ५ किमीला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास, ओल्या दगडांवर त्याहून जास्तच धरा.

आणि हे प्लीज लक्षात ठेवा, पाणी अचानक गढूळ झालं किंवा काड्या-पाला वाहत यायला लागला की फोटो सोडा आणि लगेच उंचावर जा, तुमच्याकडे ऊन असलं तरी वर पाऊस झालेला असू शकतो. थेट धारेखाली उभं राहू नका, वरून दगड येतात.