मॉडेलच्या उदाहरणात 'डेटा =' लिहाच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या तुमच्या पॅकेजमधल्या फंक्शनच्या हेल्प पेजवर तुम्ही उदाहरणाच्या पहिल्याच ओळीत डेटाफ्रेम (डेटाचा तक्ता) 'अटॅच' केलीत, म्हणजे तिचे कॉलम नुसत्या नावाने वापरता येतील, पुढच्या ओळी आखूड राहतील आणि वाचणाऱ्याचं लक्ष मॉडेलवर राहील. सहकाऱ्याने हरकत घेतली. तुमचं म्हणणं, 'आर'च्या स्वतःच्या 'एलएम'च्या (रेषीय मॉडेल बसवणाऱ्या फंक्शनच्या) पानावरच्या उदाहरणातही 'डेटा' आर्ग्युमेंट, म्हणजे कोणती डेटाफ्रेम वापरायची ते, दिलेलं दिसत नाही, मग आपणच एवढं सोवळं कशाला पाळायचं?

'एलएम'बद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ते उदाहरण अ‍ॅनेट डॉब्सन यांच्या १९९० च्या पुस्तकातून घेतलेलं आहे. रोपांची वजनं, दहा कंट्रोलची आणि दहा ट्रीटमेंटची, सगळे आकडे हाताने भरलेले आणि व्हेरिएबल्स वर्कस्पेसमध्ये ('आर'मध्ये तुम्ही बनवलेल्या वस्तू राहतात तिथे) मोकळी. उत्तर बरोबर येतं: कंट्रोलची सरासरी ५.०३२ आणि ट्रीटमेंटचा फरक उणे ०.३७१. पण हीच वजनं 'आर'सोबत येणाऱ्या 'प्लांटग्रोथ' या डेटाफ्रेममध्येही आहेत, फक्त तिथे दुसरी ट्रीटमेंट धरून ३० रोपं आहेत. 'डेटा = प्लांटग्रोथ' द्या, 'सबसेट'ने दुसरी ट्रीटमेंट वगळा; एका ओळीत तेच दोन आकडे येतात. मला विचाराल तर त्या पानावर हीच ओळ हवी होती. जुन्या पानात ती नाही म्हणून आपणही ती गाळावी, हे मला पटत नाही.

कारण हेल्प पेजवरचं वर्णन फार थोडे लोक वाचतात. बहुतेक जण खाली सरकतात, उदाहरण उचलतात, आपल्या फाइलचं नाव घालतात आणि चालवतात. तुमचं उदाहरण पाहून शिकलेला माणूस उद्या 'अटॅच' करायला विसरतो, व्हेरिएबल सापडत नाही असा एरर येतो, आणि मग तो प्रत्येक नावाआधी डेटाफ्रेमचं नाव आणि डॉलरचं चिन्ह लावून वेळ मारून नेतो. खरा घोटाळा तिथून सुरू होतो.

मी शेतीच्या विद्यार्थ्यांना 'आर' शिकवतो. एका मुलीने 'एमटीकार्स' या 'आर'सोबत येणाऱ्या ३२ गाड्यांच्या डेटाफ्रेमवर मायलेज आणि वजनाचं मॉडेल असंच डॉलर लावून फिट केलं होतं. मग ३००० पौंडांच्या गाडीचं मायलेज काढायला 'प्रेडिक्ट' या अंदाज काढणाऱ्या फंक्शनला 'न्यूडेटा' या आर्ग्युमेंटमध्ये वजन ३ (हजार पौंडांत) दिलं. यायला हवा होता एक आकडा, २१.२५. आले ३२ आकडे आणि एक वॉर्निंग. तिने विचारलं, "सर, यातला माझा आकडा कोणता?" त्यातला एकही तिचा नव्हता. फॉर्म्युल्यातच डेटाफ्रेमचं नाव बांधलेलं असल्यामुळे 'प्रेडिक्ट'ने तिच्या 'न्यूडेटा'कडे ढुंकूनही पाहिलं नाही. जुन्याच ३२ गाड्यांची उत्तरं पुन्हा दिली. याहून वाईट म्हणजे तिने नेमक्या ३२ नव्या गाड्या दिल्या असत्या, तर ओळींची संख्या जुळली असती आणि वॉर्निंगही आली नसती. चुकीचे आकडे गुपचूप प्रबंधात गेले असते.

आता 'अटॅच'विषयी. त्याने डेटाफ्रेमची प्रत शोधमार्गावर ('आर' नावं जिथे क्रमाने शोधतं तिथे) ठेवली जाते, मूळ वस्तू नव्हे. नंतर तुम्ही मूळ डेटाफ्रेममध्ये उत्पादनाच्या कॉलमचा लॉग घेतलात, तरी मॉडेल जुनेच आकडे उचलतं. शिवाय वर्कस्पेस त्या प्रतीच्या आधी शोधला जातो. वाचणाऱ्याने सकाळी कुठल्या तरी कामासाठी तुमच्या उत्पादनाच्या कॉलमच्याच नावाचं, समजा 'यील्ड', व्हेक्टर (आकड्यांची रांग) बनवलं असेल आणि त्याची लांबी योगायोगाने जुळली, तर तुमचं उदाहरण त्याच्या भलत्याच आकड्यांवर चालेल. आणि 'एग्झाम्पल' हे फंक्शन उदाहरण वाचणाऱ्याच्याच वर्कस्पेसमध्ये चालवतं. म्हणजे 'डिटॅच' न करता आपण त्याच्या घरात पसारा करून निघून येतो. ग्राफच्या मांडणीची सेटिंग्ज बदलणाऱ्या 'पार'चंही तेच. बदललंत तर उदाहरणाच्या शेवटी पूर्ववत करा.

आर्ग्युमेंटची नावंही लिहा. 'एलएम'मध्ये दुसरं आर्ग्युमेंट 'डेटा' आहे, 'जीएलएम' या व्यापक रेषीय मॉडेलच्या फंक्शनमध्ये दुसरं 'फॅमिली' (वितरणाचा प्रकार) आणि तिसरं 'डेटा'. 'एलएम'ला नाव न देता डेटाफ्रेम द्यायची सवय झालेला माणूस 'जीएलएम'लाही तशीच देतो. मग अख्खी डेटाफ्रेम स्क्रीनवर ओतली जाते आणि खाली 'फॅमिली' ओळखता आली नाही असा एरर येतो. नवखा माणूस आपल्या डेटातच खोट शोधत बसतो. मी लोकांची यात दुपार गेलेली पाहिली आहे. 'डेटा =' ही दहा-बारा अक्षरांचीही भर नाही.

बाकीचं भराभर सांगतो. 'ट्रू' पूर्ण लिहा, नुसतं 'टी' नको. 'टी'ला कुणीही दुसरी किंमत देऊ शकतं, 'ट्रू' राखीव शब्द आहे. चिन्हांभोवती जागा सोडा: 'एक्स' उणे ३ पेक्षा लहान आहे का, असं विचारायचं असताना जागा सोडली नाही तर <- हा बाण तयार होतो आणि 'एक्स'मध्ये ३ जाऊन बसतात, एररही येत नाही. रँडम आकडे वापरत असाल तर सीड (तेच आकडे पुन्हा मिळावेत म्हणून द्यायचा सुरुवातीचा अंक) ठरवून द्या, आणि छापील उत्तरासोबत 'आर'ची आवृत्तीही सांगा, कारण ३.६.० पासून नमुने निवडणाऱ्या 'सॅम्पल'ची पद्धत बदलली आणि त्याच सीडला वेगळे नमुने येतात.

तुमच्या उदाहरणात एवढं करा: 'अटॅच'ची ओळ काढा, मॉडेलच्या ओळीत 'डेटा =' घाला, आणि शेवटी नव्या डेटाफ्रेमवर 'प्रेडिक्ट'ची एक ओळ जोडा, मुद्दाम दोनच नव्या प्लॉटची. मग 'आर' बंद करून रिकाम्या वर्कस्पेसमध्ये उघडा आणि चालवून पाहा. नेमके दोन आकडे आले पाहिजेत. तुमच्या फंक्शनच्या मॉडेलसाठी 'प्रेडिक्ट'चं मेथड (त्या मॉडेलपुरता खास कोड) अजून लिहिलेलं नसेल तर ते आधी लिहा; ही ओळ चालवायला गेलात की ते लगेच कळेल. अडलं तर कोड इथे टाका, मी बघतो.