कुंपणच शेत खातंय

प्रश्न : मॅडम, एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सिसप्लॅटिन या प्लॅटिनमच्या कर्करोगविरोधी औषधातला क्लोराइड थायोयुरिया (गंधक असलेलं एक संयुग) किती वेगाने हटवतो, हे मी प्लॅटिनम-१९५ एनएमआरवर, म्हणजे अणुकेंद्रांचे सिग्नल टिपणाऱ्या चुंबकीय यंत्रावर, मोजते आहे. विद्रावक ड्युटेरेटेड (जड हायड्रोजनचा) डीएमएसओ, म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड. पण थायोयुरिया न घातलेल्या ट्यूबमध्येही उणे २१०० पीपीएमजवळचा सिग्नल ओसरतो आणि उणे ३१०० च्या आसपास नवाच उगवतो. नमुना खराब आहे का?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : नमुना ठीक आहे गं, कुंपणच शेत खातंय. डीएमएसओ आपल्या गंधकाने प्लॅटिनमला धरतो आणि क्लोराइडला बाहेर काढतो. तुझा विद्रावक हाच तुझा पहिला लिगंड, म्हणजे धातूला धरून बसणारा रेणू.

थायोयुरियाविना ट्यूब ठेवलीस, हे शहाणपण मला माझ्या विद्यार्थिदशेत सुचलं नव्हतं. ऐन जुलैत अख्खी रात्र यंत्रापाशी काढली, सकाळी आलेख असा सुरेख सरळ आला की पहिल्या कदंब बसने घरी जायचं सोडून मी तो घेऊन मार्गदर्शकांकडे धावले. त्यांनी एवढंच विचारलं, "लिगंड दुप्पट केल्यावर वेग किती वाढला?" जवळजवळ काहीच नाही. रात्रभर मी विद्रावकच मोजला होता.

चौकोनी सपाट प्लॅटिनमकडे दोन वाटा असतात. नवा लिगंड थेट येतो, किंवा आधी विद्रावक जागा पटकावतो आणि मग लिगंड त्याला उठवतो. म्हणून थायोयुरिया प्लॅटिनमच्या निदान दहापट ठेव, चार-पाच संहती घे आणि प्रत्येकीचा वेग-स्थिरांक संहतीसमोर मांड. रेषेचा चढ ही थेट वाट; अक्षावरचा छेद ही विद्रावकाची.

विद्रावक बदलून डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) घे. पाणीही निर्दोष नाही, ३७ अंशांना साधारण दोन तासांत निम्म्या सिसप्लॅटिनचा एक क्लोराइड तेच काढतं. आणि थायोयुरिया क्लोराइडवर थांबत नाही, सिसप्लॅटिनमधला अमोनियाही उपटतो; सिस आणि ट्रान्स रूपं वेगळी ओळखणारी कुर्नाकोव्हची जुनी चाचणी याच खोडीवर उभी आहे. तेव्हा सुरुवातीचेच स्पेक्ट्रम धर. प्लॅटिनम-१९५ निसर्गात जेमतेम एक तृतीयांश, त्यामुळे स्कॅन खूप लागतात. एका स्पेक्ट्रमला अर्धा तास आणि अभिक्रियाही अर्ध्या तासाची, असं होऊ देऊ नकोस.

तापमान पॅनेलवर वाचू नकोस, एथिलीन ग्लायकॉलच्या ट्यूबने तपास; त्याच्या सिग्नलांमधलं अंतर तापमानानुसार बदलतं.

आणि थायोयुरियाविना ठेवलेल्या त्या ट्यूबचे आकडे फेकू नकोस. ओसरत्या सिग्नलचा लॉगॅरिदम वेळेसमोर मांडलास की डीएमएसओचा वेग हातात येतो. तुझं पहिलं प्रकरण तिथेच आहे.