मलिदा कुणाचा, या तुझ्या प्रश्नाला उत्तर

लाडक्या लेकी,

तुझी मैत्रीण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, आपल्याकडे राहिली. मशिदीत, म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये, प्रार्थना संपल्यावर आपली माणसं एकमेकांच्या हातांना हात लावून बोटं ओठांशी नेतात, ते तिने पाहिलं. शनिवारी रात्री शेजारच्यांच्या नव्या घरी गोड पोह्यांचा मलिदा झाला, तोही तिने खाल्ला. ती गेल्यावर तू विचारलंस, "आई, हे खरंच ज्यू आहे की नुसतं मराठी?" त्या रात्री घाईत काही सांगावंसं वाटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आपल्या बेने इस्राएल ज्यूंचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं आपल्यात पिढ्यानपिढ्या सांगतात. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे कोकणातल्या गावांत त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. जवळ सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, नाही, शिकवायला हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, नाही, सिनेगॉग नाही, तरी ज्यांचं पोट घाण्यावर, ती माणसं दर आठवड्याला एक दिवस तो थांबवत होती. माझ्या मते याहून मोठी उपासना नाही. प्रार्थनांपैकी 'शेमा', देव एकच आहे असं सांगणारी, तेवढा तोंडी टिकला होता. सुंतेला, लग्नाला, मयताला तोच म्हणायचे.

आपलं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, शार हारहमीम, सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली उभारलं. तुझे पणजोबा त्याला जुनी मशीदच म्हणायचे. पनवेल, अलिबाग, रेवदंड्याची सिनेगॉग त्यानंतरची. तोवर शब्बाथ आणि सगळे सण घरातच पाळले जात, आणि घर म्हटलं की चूल, कोकणातलं धान्य, नारळ हे आलंच.

म्हणून तर तिशा बेआवचा उपास, यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा दिवस, आपल्याकडे बिरड्याचा सण झाला. उपास सुटल्यावर वालाचं बिरडं. योम किप्पूर, पापांची क्षमा मागायचा दिवस, म्हणजे दारफाळणी. पांढरे कपडे, दारं लावून दिवसभर उपास. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा. मटणाच्या रश्श्यातही नारळाचंच दूध, कारण मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध आपल्याला चालत नाही. नियम तोराचा, आणि तो पाळायची सोय कोकणाने करून दिली. किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणताना, वाईन मिळायची नाही तेव्हा काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायचे. इथे इस्राएलमध्ये, अश्दोदला, हव्या तेवढ्या बाटल्या मिळतात, तरी मी शुक्रवारी मनुका भिजवते आणि भिजवत राहणार.

पेसाहला, म्हणजे मिसरमधल्या गुलामीतून सुटल्याच्या सणाला, वाचतात त्या हग्गादाचं १८७४ साली पुण्यात छापलेलं पुस्तक आहे, हिब्रू आणि मराठीत. त्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा, म्हणजे बिनखमिराच्या भाकऱ्या, करताना दिसतात. त्या बायकांना तुझा प्रश्न कुणी विचारला असता तर त्यांना तो कळलाच नसता असं मला वाटतं.

आता मलिदा. भिजवलेले गोड पोहे, किसलेला नारळ, सुका मेवा, वेलची, भोवती फळं, आणि समोर एलियाहू हनाबीची, म्हणजे एलियाहू प्रेषिताची, आठवण. तुझ्या मैत्रिणीच्या घरीही शब्बाथ उतरताना हावदालाला एलियाहूचं गीत म्हणतात. पेसाहला त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात, सुंतेला त्याची खुर्ची मांडतात. आपण त्याला याशिवाय लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना बोलावतो. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एक खडक आहे. एलियाहूच्या रथाच्या खुणा त्याच्यावर उमटल्या आहेत अशी आपली श्रद्धा. टु बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाच्या सणाला, आपले लोक मलिदा करतात तो त्याच्याच नावाने. मी लहानपणी आजीबरोबर त्या खडकापाशी गेले होते. तिने डोक्यावर पदर घेतला आणि आधी शेमा म्हटला, मग मराठीत त्याच्याशी बोलली.

तुझा प्रश्न मला लागला, त्याचं कारणही सांगते. आपले लोक इथे आले तेव्हा लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली गेली. वाडवडिलांची चौकशी करायचे हुकूम निघाले. आपल्या माणसांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं, आणि १९६४ साली इथल्या संसदेने सांगितलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. ज्यांनी पोथीवाचून शब्बाथ सांभाळला त्यांना हे सिद्ध करावं लागलं. तू तसं सिद्ध करत बसू नकोस. कुणी विचारलं तर शनिवारच्या घाण्याचं सांग.

टु बिश्वातचा मलिदा या वर्षी आपल्या घरी आहे. मैत्रिणीला बोलाव, तिच्या आईलाही. पोहे तू भिजव, नारळ मी खवते. पुस्तकं वाटायची गरज नाही, एलियाहूचं गीत त्या दोघींना पाठ आहे.

तुझी,
आई