सोलापूर ते गोवा (मोपा) विमानाने अंतर किती? वेळ किती लागतो? आणि एवढ्यासाठी विमान खरंच हवंय का?

सरळ रेषेत साधारण ३०५ किलोमीटर. विमान एटीआर, पंख्याचं, वेग ताशी पाचशेच्या आसपास. नुसत्या हिशेबानं चाळीस मिनिटंही होत नाहीत, पण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं मिळून तासभर धरा. उतरतं मोपाला, गोव्याच्या दुसऱ्या, दाबोळीच्या विमानतळावर नाही. मडगावकडे जायचं असेल तर पुढे बराच रस्ता आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. हवंय.

आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना. विमान सुरू व्हायच्या आधी गोव्याची एक पार्टी आली होती, तिथल्या हॉटेलांना पांढरे टॉवेल पुरवणारी. रात्री गाडी काढून बेळगाव-विजापूरमार्गे माणूस दुपारी पोचला, अंग पार आंबलेलं. टॉवेल हातात घेतला, पाण्यात बुडवून पिळला, कडेची शिलाई उलटून बघितली. माल आवडलाय हे चेहऱ्यावर दिसत होतं. माग बघायला चला म्हटलं, तर त्यानं घड्याळ बघितलं. शनिवार-रविवार हॉटेलं भरलेली, सकाळच्या आत परत पोचायचं होतं. शेंगाचटणी-भाकरीचं ताट अर्ध्यावर ठेवून उठला. नमुन्यापुरती ऑर्डर दिली आणि निघताना म्हणाला, "माल चांगला आहे शेठ, पण दर वेळी एवढा रस्ता जमायचा नाही." परत आला नाही.

पुण्यात राहणारे आमचे थोरले बंधू तेव्हापासून ऐकवतात, "माल चांगला असला की गिऱ्हाईक चालत येतं." दादा, माल चांगलाच होता, गिऱ्हाईकानंच सांगितलं. त्याच्याकडे वेळ नव्हता. तुमचा चौपदरी रस्ता आणि वंदे भारत पुण्या-मुंबईकडे जातात, गोव्याच्या माणसाला त्यांचा काय उपयोग?

होटगी रोडची धावपट्टी आजची नाही. मध्ये काही काळ मुंबईचं विमान होतं, तेही बंद पडलं. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं. चिमणी पडताना ऊसवाल्यांना झालेलं दुःख खरं होतं, तेही मी नाकारत नाही.

म्हणून म्हणतो, तिकिटाचा आकडा बघून परवडत नाही म्हणू नका. तुमच्या एका दिवसाची किंमत काढा आणि मग बोला. सीटा रिकाम्या राहिल्या तर कंपनी विमान उचलून दुसऱ्या मार्गाला लावणार, आणि पुण्यात बसून "म्हटलं होतं ना" म्हणणाऱ्यांचं फावणार.

मात्र विमान रोज असेलच असं धरून चालू नका, वार बघूनच बुकिंग करा. आणि पोराबाळांसकट चार दिवस फिरायलाच जायचं असेल, तर स्वतःची गाडी सोयीची, तिकडे फिरायलाही लागतेच. धंद्याच्या कामाला असाल तर विमानच.