लिस्बनमधली शुक्रवारची रात्र: जा, पण परतीचं आधी ठरव

तू विचारलंयस की वर्गातली मुलं शुक्रवारी रात्री बाइरू आल्तूला, म्हणजे तिथल्या बारच्या वस्तीत, बोलावतात, तू दारू घेत नाहीस, खोली मेट्रोच्या टोकाला ओदिवेलासला, आणि म्हापशाला आई काळजी करत बसते. तर जावं की नाही?

जा. मी लिस्बनला शिकले, नंतर नोकरीही तिथेच केली. आता फोंड्याला असते, घरात वयात आलेली मुलगी आहे, म्हणून तुझ्या आईचा जीव कसा टांगणीला लागतो ते मला कळतं. तरी सांगते, जा.

जत्रेतलं नाटक पालखी परतल्याशिवाय सुरू होत नाही ना, तशी तिथली रात्र जेवणं आटोपल्याशिवाय सुरू होत नाही. लोक आठ-साडेआठनंतर जेवायला बसतात, बाइरू आल्तूच्या गल्ल्या अकरानंतर भरतात. बार म्हणजे बहुतेक चिंचोळी खोली, त्यामुळे माणसं बाहेर रस्त्यातच उभी राहून गप्पा मारतात. न पिणाऱ्याला हीच जागा सोयीची. तुझ्या हातात पाणी आहे की वाइन, हे कोणी बघत नाही. दोन-तीनला हे बार मिटले की घोळका उतारावरून काइश दू सुद्रेला, त्या गुलाबी रंगवलेल्या रस्त्यावर जातो. तिथले क्लब पहाटेपर्यंत चालतात.

खरी अडचण इथेच आहे. मेट्रो रात्री एकला बंद होते आणि सकाळी साडेसहाला सुरू होते. म्हणजे रात्र रंगात येते तेव्हाच तुझी गाडी जाते. तुला कांपू ग्रांदला लाइन बदलायची आहे, तेव्हा मेट्रोने यायचं तर सव्वाबाराला उठायचं, कोणी कितीही आग्रह केला तरी. थांबायचं असेल तर तुझ्या बाजूला राहणारी मैत्रीण आधीच गाठून ठेव आणि दोघींनी ऊबर किंवा बोल्ट करून या. कारिस या शहर बससेवेच्या रात्रीच्या बस आहेत, दोनशेच्या नंबरांच्या, बऱ्याचशा काइश दू सुद्रेवरून सुटतात. त्यातली तुझ्या बाजूला कुठवर जाते ते दुपारीच बघून ठेव. ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ मात्र नको. माझ्या ओळखीतल्या मुलींना त्रास झाला तो बहुतेक अशाच रात्री, फोनची बॅटरी संपत आलेली असताना.

रोसियू चौकात आणि रुआ आउगुश्ता या रस्त्यावर माणसं हळूच जवळ येऊन चरस हवा का विचारतात. ‘नाउं, ओब्रिगादा’ (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि चालत राहायचं, थांबून बोलायचं नाही. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरतं थोडं बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं, म्हणून तिथे सगळं चालतं असा समज पसरलाय. तो चुकीचा आहे. विकणं आजही गुन्हाच आहे. पर्स पुढे धर. आणि चपटे, पकड असलेले बूट घाल, कारण तिथली दगडी फरसबंदी पावसात फार निसरडी होते.

एखाद्या शुक्रवारी वर्गातल्यांनाच फादू, म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं, ऐकायला आल्फामा या जुन्या वस्तीत ने. माझ्या मते त्या शहरातली सगळ्यात सुंदर रात्र तीच. दिवे मंद होतात, गाणं चालू असताना कोणी बोलत नाही, वाढपीही थांबतात. टेबलावर न मागता पाव आणि ऑलिव्ह येतात, खाल्ले तर बिलात लागतात. नको असतील तर लगेच परत दे. काल्दू व्हेर्द सूपमध्ये शोरिसूचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा, तुकडा असतो, बिफाना म्हणजे डुकराचं मांस, शामुसा दिसायला आपला समोसा पण आत बहुधा मांसच. खात नसशील तर विचारून घे.

१२ जूनची रात्र मात्र चुकवू नकोस. सांतू आंतोनियूचं फेस्त, गल्लोगल्ली सार्डिन भाजतात, आणि मांजेरिकूच्या छोट्या कुंड्या विकतात. ते तुळशीच्याच कुळातलं झाड. वास घ्यायचा तो पानांवर हात फिरवून, हाताचा. त्या गर्दीत आल्फामात टॅक्सी मिळेल ही आशा सोड, नदीच्या बाजूला खाली सांता आपोलोनिया स्टेशनपर्यंत चालत ये.

आईचं म्हणशील तर हिवाळ्यात गोवा साडेपाच तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेचार. तू एकला खोलीवर पोचलीस की इकडे पहाट झालेली असते. रात्रभर मेसेज करत बसू नकोस, निघताना कुणाबरोबर जातेस ते नावानिशी सांग आणि पोचल्यावर एक फोन कर.